क्लेम हुडॉक आणि बाकावरची जागा

क्लेम हुडॉकच्या खाटकाच्या दुकानात, गल्ल्याच्या वर, एक फोटो टांगलेला आहे. फोटोत पंचवीस-सव्वीस वर्षांचा क्लेम डोक्यावर हेल्मेट, अंगावर चिखल नसलेला स्वच्छ गणवेश, अशा अवतारात एक गुडघा मैदानावर टेकवून, चेंडू पोटाशी धरून बसला आहे. परगावचं गिऱ्हाईक हमखास विचारतं, "प्रार्थना करताय वाटतं?"

"नाही," क्लेम म्हणतो. "खेळतोय."

आणि ते खरं असतं. ब्लॅक हॉलो गावच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात क्लेम नऊ हंगाम राखीव क्वार्टरबॅक होता आणि त्या नऊ हंगामांत त्याच्या वाट्याला जो एकुलता एक डाव आला तो हा. आपला संघ पुढे असला आणि वेळ संपत आली असली की क्वार्टरबॅकने चेंडू घ्यायचा आणि गुडघा टेकवून बसायचं. घड्याळ पळतं, सामना संपतो, दोन्ही बाजू हात मिळवतात. यात कौशल्य एवढंच, की गुडघा असावा लागतो. त्या दिवशी मुख्य क्वार्टरबॅक ड्यूक बेलुची सामना संपायच्या आधीच रेडिओवाल्याला मुलाखत द्यायला निघून गेला होता. कोचने मागे वळून पाहिलं तर बाकावर क्लेम बसलेला. "जा, बसून ये," कोच म्हणाला. क्लेम गेला आणि बसून आला. इतकी वर्षं बाकावर बसायचा, त्या दिवशी मैदानावर बसला.

क्वार्टरबॅक म्हणजे कोण, हे ब्लॅक हॉलोत कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक डावात चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि प्रत्येक पराभवानंतर दोष ज्याच्या डोक्यावर येतो, तो क्वार्टरबॅक. आणि राखीव क्वार्टरबॅक म्हणजे दोष मुख्य माणसाच्या डोक्यावर आला की सगळं गाव ज्याच्याकडे बघून म्हणतं, "याला खेळवायला हवं होतं," तो. त्यामुळे राखीव माणूस गावात फार लोकप्रिय असतो. तो कधी चुकलेला नसतो.

ड्यूक पुढे फ्लोरिडाला जाऊन लोकांच्या परसात पोहण्याचे तलाव बांधून देऊ लागला. जाताना तो मार्लीनला मागे ठेवून गेला. तिच्याशी त्याचं लग्न ठरल्यातच जमा होतं. वर्षभराने मार्लीनने क्लेमशी लग्न केलं. तेव्हा फायर हॉलमध्ये, म्हणजे बंबवाल्यांच्या ज्या सभागृहात गावचे सगळे समारंभ होतात तिथे, लोकांनी जे विनोद केले ते चाळीस वर्षांनंतरही जसेच्या तसे चालू आहेत. राखीवाला एकच सामना मिळाला आणि तो त्याने जिंकला, हा त्यातला सभ्य. मार्लीनला कुणी छेडलं तर ती म्हणते, "खरा कोण ते कळायला मला जरा उशीर लागला, एवढंच." पण हे ती क्लेमच्या मागे म्हणते. तोंडावर म्हणते, "ड्यूकला तलाव बांधता येतात आणि तुला कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला ठेवता येत नाही."

क्लेम आता साठीच्या पलीकडे गेला आहे. मान आखूड, हात फावड्यासारखे आणि स्वभाव उकडलेल्या बटाट्यासारखा मऊ. त्याची धुरी दिलेली किलबासी, म्हणजे लसूण घातलेलं लांबलचक डुकराचं सॉसेज, ईस्टरच्या आठवड्यात घ्यायला लोक रांग लावतात. आणि संघाच्या कमिटीवर तो इतकी वर्षं आहे, की त्याला कुणी निवडून दिलं होतं की तो किलबासी पोचवायला आला आणि बसूनच राहिला, हे कुणाला आठवत नाही.

संघ हौशी. ब्लॅक हॉलो ब्रेकर्स. कुणी छपरं शाकारणारा, कुणी तुरुंगातला पहारेकरी, एक दाताचा डॉक्टर. दाताच्या डॉक्टरला लोक बिचकून असतात, कारण मैदानावर तो जे पाडतो ते सोमवारी दवाखान्यात बसवतो. मुख्य क्वार्टरबॅक रिची गॅलाघर चौतिशीचा. त्याचा उजवा गुडघा वाकताना जो आवाज करतो तो प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. त्यामुळे राखीव माणसाकडे गावाचं लक्ष एकाएकी वाढलं होतं.

राखीव होता वेस्ली ट्रॅक्सलर. वेस. बावीस वर्षांचा, खालच्या खोऱ्यातून आलेला. कमिटीचा जुना नियम असा, की बाहेरचा खेळाडू आणायचा ठराव ज्याने मांडला त्यानेच त्याला राहायला जागा द्यायची. वेसचा ठराव दोन वर्षांपूर्वी क्लेमने मांडला, म्हणून वेस दुकानाच्या माडीवर राहायचा आणि रात्रीचं जेवण मार्लीनकडे जेवायचा. हुडॉकांना मूलबाळ नव्हतं. मार्लीन म्हणायची, "भाडेकरू आहे, लाड नकोत." आणि त्याच्या ताटात तिसरी हलुप्की वाढायची. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या त्या खिम्याच्या वळकट्या वेस अशा खायचा, की बघणाऱ्याला पुन्हा भूक लागावी.

वेस सगळ्यांना आवडायचा. संघाची व्हॅन तो चालवायचा. पाण्याच्या पेट्या तो उचलायचा. कोच स्टॅन चिडला की कसा आधी टोपी काढतो, टोपीकडे बघतो आणि टोपीलाच शिव्या देतो, याची नक्कल तो अशी करायचा, की खुद्द स्टॅनसुद्धा हसायचा आणि हसू आवरायला टोपी काढायचा. कोच म्हणाला, "वेस, जरा हात मोकळा कर," की वेस आठ-दहा चेंडू फेकायचा, बरे फेकायचा, आणि मग कुणाच्या तरी पोराला खांद्यावर घेऊन मैदानाला चक्कर मारायचा.

मार्चमध्ये फायर हॉलमध्ये कमिटी बसली. समोर पिरोगींची, म्हणजे बटाटा भरून उकडलेल्या आणि कांद्यावर परतलेल्या करंज्यांची, ताटं होती. अध्यक्षबाई फ्रॅन डोम्ब्रोस्की. कोपऱ्यावरचा बार तिचा. दारू प्यालेल्यांना घरी पाठवायची सवय असल्यामुळे सभा चालवणं तिला सोपं जायचं.

"विषय एकच," फ्रॅन म्हणाली. "रिचीचा गुडघा. तो गेला तर वेस. वेस चालेल का?"

"चालेल की," कुणीतरी म्हणालं.

"चालेल हे मला माहीत आहे. धावेल का ते विचारतेय."

कोच स्टॅनने टोपी काढली. "पोरगा चांगला आहे. फार चांगला आहे. पण त्याच्या मागे कुणी नाही ना, त्यामुळे तो मागे वळून बघत नाही. आणि रिची जात नाही तोवर पुढेही बघत नाही. एखादा दुसरा पोरगा आणला, दोघांना झुंजवलं, तर जो उरेल तो पक्का उरेल. नदीकडच्या त्या संघात एक डोमिनिकन पोरगा आहे. एलियास पेन्या. यंदा त्यांचा संघच बंद पडतोय."

क्लेम उभा राहिला. क्लेम सभेत कधी उभा राहत नसे. पिरोगी संपल्या तरच उठे. त्यामुळे सगळे गप्प झाले.

"हे बरोबर नाही," क्लेम म्हणाला. "दोन वर्षं पोरगा इमानाने बसलाय बाकावर. आणि आता त्याच्या उरावर दुसरा आणून बसवायचा? मी नऊ वर्षं बसलो. नऊ वर्षं! माझ्या डोक्यावर आणला होता का कुणी? नाही. का नाही? कारण तुमच्या बापांचा माझ्यावर विश्वास होता. 'क्लेम आहे ना, मग काळजी नाही.' त्या विश्वासावर मी उभा राहिलो."

इथे खरं तर कुणीतरी टाळी वाजवायला हवी होती. टाळी वाजली नाही. सगळे आपापल्या ताटात बघत होते. दाताच्या डॉक्टरने तर रिकाम्या ताटात काट्याने काहीतरी टोचलं. फ्रॅन घाईघाईने म्हणाली, "पुढच्या आठवड्यात ठरवू," आणि सभा संपली.

दुसऱ्या दिवशी फ्रॅन दुकानात हॅम घ्यायला आली.

"फ्रॅन, काल सगळे ताटात का बघत होते?"

"पिरोगी चांगल्या होत्या."

"फ्रॅन."

फ्रॅनने बाहेर पाहिलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. यायला हवं तेव्हा गिऱ्हाईक कधी येत नाही.

"क्लेमी, माझे बाबा तेव्हा अध्यक्ष होते. तुझ्या वेळी दोनदा विषय निघाला होता. ड्यूकच्या मागे जरा दमाचा पोरगा हवा म्हणून. दोन्ही वेळा बाबांनीच तो बंद पाडला."

"तेच तर म्हणतोय मी!"

"काय म्हणून बंद पाडला ते ऐक ना. बाबा म्हणाले, 'क्लेमला हलवलं तर बसमध्ये किलबासी कोण आणणार?' सगळे हसले. संपला विषय." तिने पर्स उघडली. "ड्यूकला कधी काही व्हायचंच नाही रे. बैल होता तो. तू चांगला आहेस की वाईट, हे कळायची कुणाला गरजच पडली नाही. तू आवडायचास सगळ्यांना. अजून आवडतोस."

क्लेमने हॅम कागदात गुंडाळला. दोरी बांधली. मग सोडली आणि पुन्हा बांधली. फ्रॅन पैसे ठेवून गेली तरी त्याच्या हातात दोरीचं टोक तसंच होतं.

ती किलबासी त्याला आठवत होती. परगावचा सामना असला की तो पहाटे उठून भट्टी पेटवायचा. बसमध्ये तो चढला की मागच्या बाकांवरून आरोळी उठायची, "क्लेम! क्लेम! क्लेम!" तरुणपणी कानात भरून राहिलेला तो गजर त्याने जन्मभर जपून ठेवला होता. हातातल्या पातेल्याचा मान त्यात किती होता, हे त्याने कधी मोजलं नव्हतं.

रात्री जेवताना त्याने मार्लीनला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"सगळ्या गावाला माहीत होतं. तुझा आनंद बघून सांगणार कोण?"

"मग मला एक सांग. मी चांगला होतो का?"

मार्लीन त्याच्याशी खोटं बोलत नसे. तिला तेवढा वेळ नसायचा. ती म्हणाली, "मला काय माहीत, क्लेम? तुला चेंडू टाकताना कुणी पाहिलंय कुठं?"

असल्या उत्तरावर माणूस चिडू शकतो किंवा रडू शकतो. क्लेमने उठून कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवला. मार्लीन घाबरलीच.

शनिवारी संघ सरावाच्या सामन्याला निघाला तेव्हा क्लेम नेहमीप्रमाणे किलबासीचं मोठं पातेलं घेऊन दुकानाच्या दारात उभा होता. वेस व्हॅनमधून उडी मारून आला. पाठीमागे फिरवलेली टोपी, तोंडभर हसू.

"द्या, मिस्टर हुडॉक. यापुढे मीच घेऊन जात जाईन. तुमची कंबर दुखते."

त्याने पातेलं उचललं आणि तो व्हॅनकडे वळला. आतून आरोळी उठली, "वेस! वेस! वेस!"

क्लेम अंगात असेल तेवढ्या वेगाने धावला. त्याने पातेलं वेसच्या हातातून अक्षरशः हिसकावून घेतलं. थोडा रस्सा दोघांच्या बुटांवर सांडला.

"ठेव ते. तुझं काम नाही ते."

"अहो, पण पातेलंच तर आहे."

"म्हणूनच," क्लेम म्हणाला. वेसला काही कळलं नाही. व्हॅनमधल्यांना वाटलं, म्हातारा किलबासीच्या बाबतीत फारच हळवा आहे.

पुढच्या सभेत एलियास पेन्याला आणायचा ठराव क्लेमनेच मांडला. फ्रॅनने चष्मा वर करून त्याच्याकडे बघितलं.

"नियम माहीत आहे ना? ज्याने ठराव मांडला त्याच्याकडे पाहुणा."

"माडीवर दुसरी खोली आहे."

"दोघं एका माडीवर? क्लेमी, एका पिंजऱ्यात दोन बोके ठेवतोयस."

"न्हाणीघरही एकच आहे," क्लेम म्हणाला.

वेसला सांगायचं कामही त्याच्याकडेच आलं. मागच्या जिन्यावर दोघं बसले. क्लेमने सांगितलं. वेस बराच वेळ पायरीवरचा रंगाचा पोपडा नखाने काढत राहिला.

"सभेत तुम्ही विरोध केला असेल ना?"

"नाही. मीच आणला."

"तुम्ही?" पोपडा निघाला. "मी काय वाईट केलं, मिस्टर हुडॉक?"

"काही नाही केलंस. तेच तर."

त्यानंतर आठवडाभर वेस जेवायला खाली आला नाही. मार्लीन हलुप्कीचं ताट झाकून जिन्यावर ठेवायची आणि सकाळी रिकामं ताट उचलायची. "पोटाशी भांडण नाही त्याचं," ती म्हणाली. "म्हणजे टिकेल."

एलियास आला तो एक बॅग आणि आईने दिलेला डबा घेऊन. डब्यात तळलेल्या खिम्याच्या करंज्या होत्या. पास्तेलितो म्हणतात त्याला. चोवीस वर्षांचा, मोजकं बोलणारा पोरगा. प्रत्येक वाक्याला मार्लीनला "मॅडम" म्हणायचा. मार्लीनला चाळीस वर्षांत कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. तिने पहिल्याच दिवशी त्याला तिसरी हलुप्की वाढली. वरून जिन्यात काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

न्हाणीघर एकच, ही गोष्ट मात्र फार उपयोगी ठरली. पहिला जो उठेल त्याला गरम पाणी. दुसऱ्याला कोळशाच्या खाणीतलं वाटावं असं गार. दोघंही एकमेकांच्या आधी उठू लागले. मे संपेपर्यंत ते पाखरांच्याही आधी उठत होते. आणि एवढ्या लवकर उठून माणसाने करायचं काय? दोघं मागच्या अंगणात चेंडू फेकू लागले. एलियासने धुरीघराच्या उघड्या दारात आकड्याला क्लेमचा जुना एप्रन टांगला आणि लांबून त्यावर नेम धरला. पाच फेकले, चार लागले. वेस कॉफीचा कप घेऊन बघत होता. त्याने कप कठड्यावर ठेवला.

पहिले काही दिवस दोघं एकमेकांशी फक्त एप्रनमार्फत बोलायचे. मग एकदा एलियास म्हणाला, "तुझं कोपर खाली येतं."

"तुझ्या बाजूने वाकडं दिसत असेल."

"माझ्या बाजूने बघ, मग वाकडं नाही, फक्त खाली दिसेल."

वेस हसला. हसल्यावर त्याला राग आला. रागात त्याने चेंडू जो फेकला तो एप्रनसकट आकडा घेऊन धुरीघराच्या मागच्या भिंतीवर जाऊन आपटला. खिडकीतून क्लेमने ते पाहिलं. दोन वर्षं हा पोरगा त्याच्या माडीवर राहत होता आणि त्याच्या दंडात हे आहे, हे त्याला माहीत नव्हतं. वेसलाही माहीत नव्हतं. वेस आपल्या हाताकडे बघत उभा होता.

एप्रन फाटल्यावर चेंडू झेलायला क्लेम स्वतः उभा राहू लागला. रोज दुकान उघडायच्या आधी. बोटं सुजून त्याच्याच किलबासीसारखी झाली. मार्लीन गोठवलेल्या मटाराची पिशवी त्याच्या हातांवर ठेवून म्हणायची, "या वयात पदार्पण करतोयस. शोभतं का?" क्लेम नुसता हसायचा. त्याला दोघांचेही चेंडू डोळे मिटून ओळखता येऊ लागले होते. एलियासचा चेंडू नेमका छातीशी यायचा. वेसचा जरा इकडेतिकडे, पण तळव्यातून खांद्यापर्यंत झिणझिण्या आणणारा.

हंगामाच्या आधी संघाने दोन भाग करून आपसात सामना खेळला. एका भागाचा क्वार्टरबॅक वेस, दुसऱ्याचा एलियास. रिची गुडघ्यावर बर्फ ठेवून बाकावर. अर्धं गाव बघायला आलं. वेस आयुष्यात कधी खेळला नसेल असा खेळला. कुणाच्या पोराला खांद्यावर घेतलं नाही, कोचची नक्कल केली नाही. पडला तेव्हा उठून सगळ्यात आधी चेंडू कुठे आहे ते बघितलं. आणि तरीही एलियास त्याच्यापेक्षा वरचढ ठरला. थोडासाच. वेसला मोकळा गडी दिसायला जेवढा वेळ लागे, तेवढ्यात एलियासचा चेंडू त्या गड्याच्या हातात असायचा. हे सगळ्यांना दिसलं. वेसलाही दिसलं. टोपी सरळ घालून तो व्हॅनपाशी जाऊन बसला.

कोच स्टॅन क्लेमपाशी आला. "रिची पहिला, एलियास दुसरा. तुझं ऐकलं ते बरं झालं. आणि वेसची काळजी करू नकोस, त्याला आम्ही सोडत नाही. व्हॅन आहे, पाणी आहे. पोरांना हसवतो. असा माणूस संघात लागतो. तुझीही कंबर दुखते म्हणे, तर ती किलबासी..."

"नाही," क्लेम म्हणाला.

"नाही म्हणजे?"

"त्याला किलबासीवर ठेवायचं नाही."

स्टॅनने टोपी काढली आणि तिच्याकडे बघितलं. क्लेम हुडॉकचा आवाज चढलेला त्याने यापूर्वी ऐकला नव्हता. टोपीनेही ऐकला नव्हता.

घरी जाऊन क्लेमने जे केलं त्याला ब्लॅक हॉलोत गद्दारी म्हणतात. नदीपलीकडे मिलर्स फेरी नावाचं गाव आहे. त्या गावाशी आमचं वैर इतकं जुनं, की गाडीतलं पेट्रोल संपत आलं तरी माणूस पूल ओलांडून परत येतो, तिकडे भरत नाही. तिथल्या क्वार्टरबॅकने त्याच महिन्यात खांदा मोडून घेतला होता. क्लेमने तिथल्या कोचला फोन लावला.

"कोण हुडॉक? ब्लॅक हॉलोचा खाटीक?" पलीकडचा माणूस सावध झाला. "तुम्ही आम्हाला क्वार्टरबॅक देताय? त्याच्यात खोड काय आहे?"

"खोड एकच. सगळ्यांना आवडतो."

"ही काय खोड झाली?"

"मोठी खोड आहे. तुम्ही त्याच्याशी जरा वाईट वागा. पण खेळवा."

वेसला हे सांगितलं तेव्हा तो दुकानात लादी पुसत होता. काम त्याचं नव्हतं. उगाच पुसत होता.

"मला नाही जायचं. मी तिसरा राहीन ना. मला इथं आवडतं, मिस्टर हुडॉक."

"मलाही आवडायचं. नऊ वर्षं आवडलं." क्लेमने गल्ल्याच्या वर बोट दाखवलं. "तो फोटो बघ. लोकांना वाटतं मी प्रार्थना करतोय."

वेस सवयीने हसला. मग फोटोकडे बघताना त्याचं हसू कमी कमी होत गेलं. त्या स्वच्छ गणवेशाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"तुम्ही चांगले होता?" त्याने विचारलं.

"तेच तर कुणाला माहीत नाही," क्लेम म्हणाला. "मलासुद्धा."

वेसने फडकं पिळून बादलीवर टाकलं. रविवारी तो गेला. मार्लीनने त्याच्याबरोबर एवढे डबे दिले, की मिलर्स फेरीचा आख्खा संघ जेवला असता. "शत्रूला रसद पुरवतेयस," क्लेम म्हणाला. "नाक पूस आधी," मार्लीन म्हणाली.

सप्टेंबरमध्ये मिलर्स फेरीचा संघ आमच्या मैदानावर आला. त्यांचा क्वार्टरबॅक वेस ट्रॅक्सलर. पहिल्या डावाला आमच्या लोकांनी त्याला असं काही हिणवलं, की त्याची आई तिथे असती तर घरी गेली असती. "व्हॅन कुठे लावलीस रे?" हे त्यातलं छापण्यासारखं. वेसने मागे वळून पाहिलं नाही. उत्तरार्धात रिचीचा गुडघा तिसऱ्या रांगेलाच काय, अकराव्या रांगेलाही ऐकू गेला, आणि एलियास मैदानात उतरला. आता क्लेमच्या माडीवरचे दोघं समोरासमोर होते.

तिसऱ्या सत्रात वेसच्या अंगावर आमचे दोन गडी धावून आले. एक तुरुंगातला पहारेकरी, एक दाताचा डॉक्टर. वेस मागे सरकला, बाजूला झाला, आणि पडता पडता त्याने चेंडू फेकला. चेंडू एवढा वर गेला, की दिव्यांच्या पलीकडे क्षणभर दिसेनासा झाला. मग तो खाली आला तो मिलर्स फेरीच्या गड्याच्या हातात, आमच्या शेवटच्या रेषेच्या पलीकडे.

आमच्या बाजूला चिडीचूप शांतता पसरली. आणि त्या शांततेत, ब्लॅक हॉलोचं जाकीट घातलेला एक म्हातारा दोन्ही हात वर करून उभा होता. जणू तो चेंडू त्यालाच झेलायचा होता.

"खाली बस," मार्लीनने त्याचं जाकीट ओढलं. "लोक बघतायत."

"बघू देत."

मार्लीनने आजूबाजूला पाहिलं. मग ती उठून त्याच्या शेजारी उभी राहिली. "उभाच राहणार असशील तर नीट ओरड तरी," ती म्हणाली. आणि तोंडापाशी हात नेऊन तिने जी शीळ घातली ती ड्यूकसाठीही कधी घातली नव्हती.

सामना आम्ही जिंकलो. एलियासने शेवटच्या सत्रात दोनदा संघ पुढे नेला. शेवटचे काही क्षण उरले तेव्हा त्याने चेंडू घेतला आणि गुडघा टेकवला. तो डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखला होता. क्लेमने ते पाहिलं, आणि सामना संपायची वाट न बघता तो मैदानामागच्या आपल्या टपरीवर किलबासी उलटायला गेला.

थोड्या वेळाने टपरीसमोर वेस उभा राहिला. एक डोळा सुजलेला, ओठ फुटलेला, पाठीमागे एलियास.

"दोन किलबासी, मिस्टर हुडॉक."

"आठ डॉलर."

"अहो, मी वेस!"

"मिलर्स फेरीवाल्यांना फुकट नाही. मुख्य क्वार्टरबॅकला तर मुळीच नाही."

वेसने आपल्या चिखलाच्या विजारीवरून हात फिरवले. तिला खिसा नव्हता. एलियासच्याही विजारीला नव्हता. मार्लीनने पर्समधून नोट काढली आणि आपल्याच नवऱ्याच्या गल्ल्यात टाकली. "घे, कंजूष."

क्लेमने दोन पावांत किलबासी भरल्या, वर मोहरीची चटणी घातली आणि पुढे केल्या. वेसने मोठा घास घेतला. फुटका ओठ चुरचुरला तरी त्याने घास सोडला नाही.

"तो लांबचा टाकलास ना," क्लेम म्हणाला, "तेव्हा कोपर खाली आलं होतं."

"मी सांगत होतो याला," एलियास म्हणाला.

वेस घास चावत दोघांकडे बघत राहिला. "पण पोचला ना?"

"पोचला," क्लेम म्हणाला, आणि सुजलेल्या बोटांनी त्याने पुढची किलबासी उलटली.